पहिली बशी

आईची केमो दुपारी होती. त्याआधी तिला माझी प्रयोगशाळा बघायचीच होती, म्हणून मी तिला सूक्ष्मदर्शकाला जोडलेल्या पडद्यासमोर बसवलं आणि पेशी वाढवलेली पहिली काचेची बशी भिंगाखाली ठेवली.

"या निरोगी पेशी. आता एकीला टोचते, बघ."

काचेची बारीक सुई टेकवताच ती पेशी चमकली. मग तिच्या शेजारच्या चमकल्या, मग त्यांच्याही शेजारच्या.

"अगं बाई! सगळ्यांनाच दुखलं की काय?"

"दुखत नाही गं. आतलं कॅल्शियम वाढलं की चमकतात. एकमेकींना निरोप देतात."

मी दुसरी बशी ठेवली. "आणि या कॅन्सरच्या."

सुई टेकवली. टोचली तेवढी चमकली, बाकीच्या ढिम्म.

"मेल्यांना शेजारणीचं काही पडलेलंच नाही," आई म्हणाली. मग पडद्यावरची नजर न काढता तिने विचारलं, "तुझा रिपोर्ट कधी येणार?"

तिचा आजार माझ्यातही उतरलाय का, हे बघायला मी रक्त दिलं होतं. तेव्हापासून तिला स्वतःपेक्षा माझाच घोर लागला होता.

"सोमवारी."

दुपारी नर्सने आईच्या हाताची शीर शोधून सुई घातली.

"स्स!"

नर्स दचकली. "फार दुखलं का काकू?"

"मी कुठे काय म्हटलं? ही ओरडली." आईने मोकळ्या हाताने माझं मनगट धरलं आणि कितीतरी दिवसांनी हसली.

"सोमवारची काळजी मिटली गं माझी. तू पहिल्या बशीतली आहेस."