बंदुकीचा नंबर

पोलीस ठाण्यातल्या साहेबांनी बंदूक खिडकीच्या उजेडात धरली, तिरपी केली, पुन्हा सरळ केली आणि नळीवरचा नंबर मोठ्याने वाचला. चार आकडे नीट आले. पाचव्यापाशी ते अडखळले आणि सहावा काही केल्या सापडेना.

"नंबर कोणी घासला?"

प्रश्न टेबलासमोर उभ्या असलेल्या गार्डला होता. बावीस वर्षं तो एकाच बँकेच्या दारात हीच दुनळी खांद्याला लावून उभा होता. बंदूक त्याची स्वतःची, परवाना त्याच्याच नावावर, आणि नोकरी या दोहोंच्या जिवावर. बँकेला नुसता माणूस नको होता, बंदूकवाला माणूस हवा होता. बंदूक गेली की उद्या त्या दारात दुसरा कोणीतरी उभा राहणार, हे त्याला कोणी समजावून सांगायला नको होतं. या वयात त्याला दुसरं कोण ठेवून घेणार?

ठाण्यात बेकायदा हत्यारं पकडायची मोहीम चालू होती. आठवडा संपत आला तरी एक गावठी कट्टा हाती लागला नव्हता. तसली हत्यारं बाळगणारे ठाण्यात आपला पत्ता देऊन ठेवत नाहीत. परवानेवाल्यांचे पत्ते मात्र रजिस्टरात ओळीने लिहिलेले होते. मग काय, चोर सोडून संन्याशाला सुळी. सकाळपासून सात जणांच्या बंदुका जमा झाल्या होत्या. कोणी घर बदलल्याचं कळवलं नव्हतं, कोणाचं एक काडतूस कमी भरलं होतं. गार्ड आठवा.

त्याने परवान्याचं पुस्तक पुढे सरकवलं. दर वर्षी बंदूक ठाण्यात आणायची, हवालदाराकडे आत द्यायची, नंबर जुळला की शिक्का. असे बावीस शिक्के होते, एकही चुकलेला नाही. साहेबांनी पानं उलटून पाहिली. तरुण होते, उद्धट मुळीच नव्हते, वरून येणाऱ्या फोनांनी मेटाकुटीला आले होते इतकंच.

"म्हणजे गेल्या वर्षीपर्यंत नंबर होता," ते म्हणाले. "घासला तो या वर्षात. तुमच्याच ताब्यात असताना, काका."

तारणारं म्हणून आणलेलं पुस्तक त्याच्यावरच उलटलं. त्याने कोपऱ्यातल्या टेबलाकडे पाहिलं. बावीस वर्षं तपासणी करणारा हवालदार तिथेच बसला होता, पण तो मान खाली घालून लिहीत होता. गार्डला त्याचा राग आला नाही. निवृत्तीला चार महिने राहिलेल्या माणसाने मध्ये कशाला पडावं? दोघांनी मिळून किती चहा प्यायला होता, तो मात्र आठवला.

साहेब बोट ठेवून दाखवत होते. सगळी नळी काळीभोर, आणि नंबरापाशीच पोलाद पांढरं पडलेलं. गार्ड बघत राहिला. दर रविवारी तो तिला तेल लावून पुसायचा. बायको म्हणायची, लग्नाआधी मला एवढं निरखून पाहिलं असतंत तर मी तरी सावध झाले असते. आपल्याच फडक्याने केलं की काय हे? जन्मभर जिवापाड जपली आणि जपता जपताच घालवली, असं त्याच्या मनाने घेतलं.

साहेबांनी बसायला खुर्ची दिली आणि दोन वाटाही दिल्या. निष्काळजीपणाने नंबर झिजला असं लिहून द्यायचं, म्हणजे बंदूक जमा, परवाना रद्द, माणूस घरी. नाहीतर जाणूनबुजून खाडाखोड केल्याचा गुन्हा आणि आजपासूनच कोठडी.

"माझ्याच हातून झालं असेल," गार्ड म्हणाला.

हवालदाराने जबाब लिहून आणला. गार्डने न वाचताच सही केली.

आता जप्तीची चिठ्ठी तेवढी बंदुकीला बांधायची होती. चिठ्ठीवर जेवढा दिसतो तेवढा नंबर घाला, साहेब म्हणाले. हवालदाराने दुनळी मांडीवर घेतली, चष्मा कपाळावर चढवला आणि नंबर डोळ्यांजवळ नेला. त्याला तो धड दिसेना. त्याचा डावा हात, न बघताच, टेबलाच्या खणात गेला. घड्या पडून मऊ झालेला पॉलिश पेपरचा एक तुकडा बाहेर आला. हवालदाराने नंबरावर फुंकर मारली आणि तुकड्याने घासायला सुरुवात केली.

"थांबा जरा, साहेब," तो सवयीने पुटपुटला. "घासला की दर वर्षी स्वच्छ दिसतो."

खर्र, खर्र असा आवाज खोलीत आला. मग हवालदाराला स्वतःचंच बोलणं ऐकू आलं आणि हात जागच्या जागी थांबला. साहेबांनी त्या तुकड्याकडे पाहिलं, मग टेबलावरच्या जबाबाकडे, ज्याची शाई अजून वाळली नव्हती. तपासणीहून बंदूक घरी आली की नंबरापाशी एक नवी झळाळी असायची. ठाण्यातही आपल्या बंदुकीची कदर आहे, असं गार्ड बायकोला दर वर्षी कौतुकाने सांगायचा.

तो खुर्चीतून उठला, कोपऱ्यातल्या टेबलापाशी गेला आणि त्याने नंबरावर तळहात ठेवला.

"राहू द्या, हवालदार," तो म्हणाला. "उरलेत तेवढे तरी राहू द्या."