हिमाईची फुंकर

हिमाईनं मांसाचा शेवटचा तुकडा संपवला आणि मांडवात टाळ्यांचा कडकडाट झाला.

"बघा, ताटात धान्याचा एक दाणा नाही!" 'आदिम आहार' कंपनीचे मालक पाटसकर कॅमेऱ्यांकडे वळून म्हणाले. "तीस हजार वर्षं बर्फात गोठून यंदा जागी झालेली ही बाई जे खाते, तेच माणसाचं खरं अन्न. आता शाळांच्या डब्यातून भात-भाकरी गेलीच म्हणून समजा."

हिमाईला शुद्धीवर आणणारी डॉक्टर उत्पला गावित खुर्चीत नुसती धुमसत होती. ताट यांनीच वाढायचं, आणि साक्ष मात्र हिमाईची काढायची!

तेवढ्यात हिमाई उठली. बोटं चाटत ती हिरवळ ओलांडून कुंपणापाशी गेली. तिथं माजलेल्या गवताची पिकलेली कणसं तिनं ओरबाडली, दोन्ही तळहातांत खसाखसा चोळली, फुंकर मारून फोलपटं उडवली आणि दाणे तोंडात टाकले.

"डॉक्टर, अहो, थांबवा तिला! गवत खातेय ती!" पाटसकर ओरडले.

"गवत नाही साहेब, दाणे खातेय. आणि हे तिला आम्ही शिकवलेलं नाही."

बोलताना उत्पलाचा ऊर अभिमानानं भरून आला. शेकोटीपाशी हुरडा चोळताना तिची आई अगदी अशीच फुंकर मारायची.

आणखी काही कणसं चोळत हिमाई ताठ मानेनं परत आली. पाटसकरांचा हात ओढून तिनं ते दाणे फोलपटांसकट त्यांच्या तळहातावर ओतले. आणि लहान पोराला शिकवावं तसं तिनं गाल फुगवून दाखवलं: आधी फुंकर मार, मग खा.