चहाआधीचे आभार

“नावं घ्यायची, आभार मानायचे आणि चहाला चला म्हणायचं. एवढंच,” ग्रंथपाल कुजबुजले. “तोंडात साखर, डोक्यावर बर्फ. पाण्यात राहून माशाशी वैर नको, बाई.”

नव्या बाई उठल्या. शिक्षणशास्त्र विभागात येऊन त्यांना सहा वर्षं झाली होती. त्यांच्यानंतर कोणाची नेमणूकच झाली नाही, म्हणून नाव तेच राहिलं.

पडद्यावर शेवटचा फोटो अजून तसाच होता. एका वर्गातल्या बाकांची खालची बाजू, आणि तिथे मांड्यांवर टेकलेले लहान लहान हात. कोणाची तीन बोटं मिटलेली, कोणाची सगळी उघडी. वर तोंडी वजाबाकी चालली होती. बोटं मोजू नका, असं शिक्षिकेनं बजावलं होतं. म्हणून मुलं ती बाकाखाली मोजत होती.

या फोटोबद्दल आणि त्यामागच्या संशोधनाबद्दल मोठे सर आत्ताच तासभर बोलले होते. “मी वर्गात बसलो,” असं म्हणाले होते. “तेव्हा माझ्या लक्षात आलं,” असंही म्हणाले होते. मोठे सर म्हणजे विभागप्रमुख. आता ते पहिल्या रांगेतल्या टेबलाशी, बाहेरून आलेल्या समितीच्या अध्यक्षबाईंशेजारी बसले होते. हे काम आणखी शाळांत न्यायचं का आणि कोणाच्या हाती द्यायचं, ते समिती आज ठरवणार होती. वर्गात कोण बसलं होतं, ते विभागातल्या प्रत्येकाला ठाऊक होतं. मागच्या रांगा खाली मान घालून बसल्या होत्या.

सकाळी सरांनी बाईंना बोलावून सांगितलं होतं, “आपण सगळे एक कुटुंब आहोत. कुटुंबात कसलं आलंय तुझं-माझं?” आणि आभाराचा मजकूर हातात दिला होता.

बाईंनी व्यासपीठावर जाऊन तो कागद तिथल्या मेजावर पालथा ठेवला. उजवा हात खांद्याएवढा वर केला आणि अंगठा उघडला.

“पहिले आभार सरांचे. आजचं भाषण त्यांनी केलं. त्यांचा आवाज खणखणीत आहे. माझा मागच्या रांगेपर्यंत पोचत नाही, अशी विभागात तक्रार आहे. आज सगळ्यांना सगळं ऐकू गेलं.”

हलकं हसू पसरलं. सरही हसले.

“दुसरे ग्रंथपालांचे. लागतील ती पुस्तकं त्यांनी मला घरी नेऊ दिली. लागेल तेव्हा सल्लाही देतात. आत्ताच एक दिला.”

ग्रंथपालांनी आपल्या बुटांकडे पाहिलं.

“तिसरे कार्यालयातल्या ताईंचे. माझा शाळेत जायचा अर्ज ‘वरून’ तीनदा परत आला. चौथ्यांदा त्या स्वतः घेऊन गेल्या आणि सही होईपर्यंत खुर्चीवरून उठल्या नाहीत.”

सरांचं हसू जागच्या जागी राहिलं.

“चौथे त्या शाळेच्या शिपाईमामांचे. ते मला रोज एक जुनी सतरंजी झटकून द्यायचे. दोन वर्षं मी पहिलीच्या वर्गात जमिनीवर बसले. खुर्चीवरून मुलांची डोकी दिसतात, हात दिसत नाहीत. हा फोटो जमिनीवरून काढलाय. गुडघे अजून कुरकुरतात, पण त्यांचे आभार मानायचे की नाही, ते ठरलेलं नाही.”

आता कोणी हसलं नाही. मागच्या एकदोन माना मात्र वर आल्या.

“बाई,” सर गोड आवाजात म्हणाले, “चहा निवतोय.”

“हो, सर. एकच बोट राहिलंय.”

त्यांनी करंगळी उघडली.

“पाचवे आभार पहिलीतल्या एका मुलीचे. मला सगळे हात दिसतायत, हे तिच्या एकटीच्याच लक्षात आलं. ती बाकाखाली वाकली, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, ‘तुम्ही पण लपवता का?’ तेव्हा मला उत्तर सुचलं नाही. आज देते आहे. आता नाही लपवत.”

पाची बोटं उघडी असलेला हात त्यांनी क्षणभर तसाच धरला.

“चहा बाहेर मांडलाय. माझं बोलणं संपलं.”

टाळ्या वाजवायच्या की उठायचं, ते कोणाला कळेना. खुर्च्या सरकल्या नाहीत. अध्यक्षबाईंनी चष्मा कपाळावरून डोळ्यांवर घेतला आणि त्या पडद्याकडे बघत राहिल्या.

“याच्या आधीचा फोटो पुन्हा बघता येईल?” त्यांनी विचारलं. “त्या कडेच्या मुलाचं काहीतरी वेगळं चाललंय. बोटं उलटीकडून मोजतोय का तो?”

“त्याचं असं आहे,” सर घाईनं म्हणाले, “मी सांगतो. मुळात ही वयोगटाची...”

“मी त्यांना विचारलं,” अध्यक्षबाई म्हणाल्या. मान वळवली नाही.

फोटो पुढेमागे करायचा रिमोट सरांकडेच राहिला होता. नव्या बाई व्यासपीठाच्या पायऱ्या उतरल्या आणि टेबलासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्यांनी हात पुढे केला.

“द्या, सर,” त्या म्हणाल्या. आवाज नेहमीएवढाच होता. मागच्या रांगेपर्यंत पोचला.

सरांचा हात टेबलाखाली होता, मांडीवर. मूठ घट्ट मिटलेली.