जास्तीचा ठिपका

चांगुणाबाईंनी घोट्यावरची पट्टी खसकन ओढून काढली.

"पायाला काय बांधायचं न्हाई."

"आई, हे घुंगरू नाही. रेडियम आहे. ट्रकच्या मागं लावतात ते," यशोधरा म्हणाली.

"ट्रकला लाव मंग."

श्रीगोंद्यातल्या त्या खोलीच्या खिडक्यांना भर दुपारी गोधड्या टांगल्या होत्या. आत नुसती भट्टी. लग्नांचं शूटिंग करणारा महेंद्र, चांगुणाबाईंच्या बहिणीचा मुलगा, कॅमेऱ्याला खेटून हॅलोजन धरून घामाघूम उभा होता. युक्ती साधीच होती. अंगावर काळे कपडे, सांध्यासांध्यावर रेडियमचे तुकडे. उजेड पडला की रेडियम एवढं लखलखायचं, की कॅमेऱ्यात माणूस दिसायचा नाही, ठिपकेच नाचायचे. कॅसेट जायची हॉलंडला, आनेकेकडे. आनेके आणि यशोधरा पुण्यातल्या एका नृत्यशिबिरात भेटल्या आणि तेव्हापासून दोघींनी एकच ध्यास घेतला होता. आनेकेचा कॉम्प्युटर ते ठिपके उचलणार आणि रंगमंचावरच्या पडद्यावर चौघींना एकत्र नाचवणार. दोन आया, दोन लेकी. आनेकेच्या आईचे ठिपके केव्हाच तयार होते. अडलं होतं ते चांगुणाबाईंपाशी. काळं लुगडं नेसायलाच त्या कशाबशा तयार झाल्या होत्या.

अडणारच की. लहानपणी त्या वडिलांच्या तमाशाच्या फडात नाचायच्या. घरानं बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, त्या दिवशी आबांनी घुंगरं विहिरीत टाकली आणि पोरीला सांगितलं, आता आपण दुसऱ्यापुढं नाचायचं नाही. तो शब्द त्यांनी चाळीस वर्षं पाळला, आणि ताठ मानेनं पाळला. लेक पुण्याला नाच शिकायला गेली तेव्हा तिच्याशी वर्षभर बोलल्या नव्हत्या.

पण यशोधराही त्यांचीच लेक. तिनं पट्टी पुन्हा उचलली.

"आई, तू कुणाला दिसणारच नाहीस. तोंड नाही, आवाज नाही, नाव नाही. नुसते ठिपके. कुणाला कळायचंसुद्धा नाही."

एवढं सांगितल्यावर आई विरघळेल असं तिला वाटलं. चांगुणाबाई उलट ताठ झाल्या.

"तवा बी हेच हुतं," त्या म्हणाल्या. "मान्सं पाय बघायची. नाव कुनी इचारलं न्हाई. तू बी नुसते पायच न्हेनार व्हय?"

आपण काय बोलून बसलो, याची यशोधराला लाज वाटली.

"राहू दे आई. नको नाचूस," ती म्हणाली. महेंद्रनं हॅलोजन बंद केला.

चांगुणाबाईंनी लेकीच्या हातातली पट्टी काढून घेतली.

"लाव रं त्यो दिवा," त्या महेंद्रला म्हणाल्या. "आबांनी दुसऱ्यापुढं नाचू नको म्हनलं हुतं. आज माजी मी नाचते."

रेडियम त्यांनी स्वतःच चिकटवलं. मनगट, कोपर, गुडघा, घोटा. शेवटी उरलेला तुकडा हनुवटीवर लावला.

"मावशी, तिथं सांधा नसतो," महेंद्र म्हणाला.

"म्हाईत हाय मला. तू उजेड धर."

सुरुवातीला गुडघे कुरकुरले. मग पायांना एकेक आठवत गेलं. यशोधराला रडू आलं आणि तिनं ते येऊ दिलं. शेवटी चांगुणाबाई कॅमेऱ्यापुढं येऊन उभ्या राहिल्या, काहीतरी पुटपुटल्या आणि त्यांनी पाणी मागितलं.

पंधरवड्यानं आनेकेचा फोन आला. तिचा आनंद नुसता उतू चालला होता. अशी पावलं तिनं कधी पाहिलीच नव्हती.

"फक्त एक ठिपका जास्तीचा आहे," ती म्हणाली. "कुठल्याच सांध्याशी जुळत नाही. शेवटी बाकी सगळे थांबतात, तरी हा आपला वरखाली हलतोच आहे. चुकून लागला असेल, तर पुसून टाकते."

"पुसू नकोस," यशोधरा म्हणाली. "आई तिथं स्वतःचं नाव सांगतेय."