झाकणावरचं नाव

जपानच्या रोबो-स्पर्धेला ट्युनिशियातून एकच संघ जाणार होता. दूर दक्षिणेतल्या आमच्या केबिली गावच्या शाळेकडे रोबो न्यायला धड पेटी नव्हती, म्हणून राजधानीतल्या एका नामांकित शाळेने भंगारात टाकलेली पेटी मी मागून आणली. झाकणावर त्यांचं नाव तसंच होतं.

निवडीच्या दिवशी माझ्या विद्यार्थिनीने, खौलाने, खजूर निवडणारा आमचा रोबो पेटीतून काढून टेबलावर ठेवला. चार खजूर निवडून तो जागच्या जागी थांबला. खौला गडबडून त्याच्या तारा चाचपू लागली.

"अगं, घाबरतेस काय! यंत्र आहे, चालायचंच. पुन्हा लाव," परीक्षक हसून म्हणाले.

दुसऱ्या खेपेला त्याने अख्खी परडी बिनचूक निवडली.

"वा! तुमच्या शाळेचं नाव काय उगाच आहे? मुख्याध्यापिकाबाईंना माझा सलाम सांग."

"सर, पेटी तेवढी त्यांची आहे. आम्ही केबिलीचे," खौला म्हणाली. खरं बोलायला मीच शिकवलं होतं ना!

परीक्षकांनी एकदा झाकणाकडे पाहिलं, एकदा आमच्याकडे. मग लिहिलेले गुण खोडत म्हणाले, "पहिल्यांदा बंद पडला होता ना गं तुमचा?"