फरशीखालची टकटक

वास्तुशांतीला आग्नेय कोपऱ्यात वास्तुप्रतिमा पुरून वर फरशी बसवली होती. आठव्या दिवशी नात अवनीच्या हातून खलबत्ता निसटला आणि नेमकी तीच फरशी तडकली.

"नव्या घराचं वाटोळं केलंस की गं!" माझ्या मुलानं, दत्तप्रसादनं, तिच्या थोबाडीत मारली. मी मध्ये पडलो नाही. घर त्याचं होतं.

केरबा गवंड्यानं फरशी बदलली, टकटक वाजवून पाहिली. "पोकळ न्हाय, गुरुजी. खाली सगळं भरीव हाय."

अवनीनं बोलणंच सोडलं. चाळीस वर्षं मुलं शिकवलेली, मला घाई नव्हती. दत्तप्रसादच्या अडतिसाव्या वाढदिवशी हॉलमध्ये केक मांडत होते, तेव्हा मी तिला त्या कोपऱ्यात घेऊन बसलो.

"तोंडानं नको, बोटानं वाजवून सांग. तीन चोक?"

तिचे हात मांडीवरच राहिले. फरशीखालून बारा वेळा टकटक झाली.

अवनी हसली. मार खाल्लेला गाल तिनं फरशीला टेकवला आणि विचारलं, "बाबा किती वर्षं जगणार?"

टकटक सुरू झाली. मी सवयीनं मोजत गेलो. छत्तीस. सदतीस. अडतीस.

पुढं काहीच वाजलं नाही.

"अवनी, ये की गं," हॉलमधून दत्तप्रसादनं हाक मारली, "मेणबत्त्या विझवायच्यात."