बांधापुरतं लंगडणं

नव्या गुडघ्यावर भिवराबाई ताठ चालत बांधाशी आली, तसा बाभळीवरचा भोंगा बोलला, "परकं माणूस आलं."

कोल्ह्याहून लहान अशा खोकडांच्या ओरडण्याचा अर्थ मराठीत सांगणारे भोंगे आता माळावर जागोजागी होते. कुत्रं आलं, गरुड आला, परकं माणूस आलं, एवढंच ते सांगत. ओळखीच्या माणसाला बघून खोकडं ओरडतच नसत. पाच वर्षं भिवराबाई इथं मेंढरं चारत होती, पण तिच्यासाठी भोंगा कधी वाजला नव्हता.

"तीन महिन्यांत इसरली गं मला," ती सुनेला म्हणाली. बांधाखालच्या बिळातली खोकडाची मादी पिल्लांना घेऊन आत शिरली होती. परक्यांची वर्दळ वाढली की ती बीळच सोडून जाते, हे दोघींनाही ठाऊक होतं.

"इसरली नाय, आत्या," सुंदरा म्हणाली. "ती पायाचा आवाज वळखती. तुमची जुनी चाल दवाखान्यातच ऱ्हायली."

भिवराबाई वळली. मग वीस पावलं मागं गेली आणि पूर्वीसारखा डावा पाय ओढत, चप्पल फरफटवत पुन्हा आली. भोंगा वाजला नाही. बिळाच्या तोंडाशी आधी दोन कान दिसले, मग मादी बाहेर आली आणि तिच्यामागून चार पिल्लं.

"डॉक्टरांनी सरळ चालायला सांगितलंय," सुंदरा हसू दाबत म्हणाली.

"घरी चालंन की सरळ," भिवराबाई म्हणाली. "हितं मला लंगडी म्हनूनच वळखत्यात."